आवाज न परतणारी खोली

"घड्याळं, मोबाइल, किल्ल्या, सगळं या खोक्यात टाका," भाची म्हणाली. "आत खिशातलं एक नाणं वाजलं तरी ढोल बडवल्यासारखं वाटतं."

दादांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. छोटूच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा निघाला, दोन वायसर निघाले, एक छोटा पाना निघाला. साठी उलटली तरी घरात तो छोटूच, आणि सुट्टीच्या दिवशीही पंपांचा मेकॅनिकच.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची, अक्कांची मुलगी. या लहानशा गावातल्या विद्यापीठात ती आवाजावर संशोधन करायची. यंदा तिने सगळं खानदान आपल्या घरी गोळा केलं होतं, आणि सकाळपासून त्या दोन खोल्यांत कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नव्हतं. गप्प होते ते दादा आणि छोटू. तेही फक्त एकमेकांशी. सख्खे भाऊ, पण कित्येक वर्षं बोलणं बंद. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. नाश्त्याला छोटू म्हणाला होता, "अक्का, त्याला सांग, मीठ इकडे सरकव." मीठ दादांच्या कोपराशी होतं. शेवटी अक्काच उठल्या.

विद्यापीठातल्या त्या खोलीचं दार तिजोरीसारखं जाड होतं. आत भिंतींवर, छतावर, सगळीकडे स्पंजच्या लांबलचक पाचरी. जमीन नव्हतीच. तारांची ताणलेली जाळी होती, आणि तिच्याखाली पुन्हा पाचरी. एकेक जण झोके खात आत आला. मागे दार लागलं.

"अगं बाई, हे काय..." अक्का म्हणाल्या आणि दचकून थांबल्या. आवाज ओठांतून निघाला आणि ओठांपाशीच संपला.

"इथून आवाज परत येत नाही," भाची हळूच म्हणाली. "आता कोणी बोलू नका. नुसतं ऐका."

आधी कपड्यांची सळसळ ऐकू आली. मग श्वास. कोणाचं तरी पोट गुरगुरलं, पण हसायला कोणी धजावलं नाही. मग कानांत एक बारीक, अखंड गुणगुण सुरू झाली. अक्कांनी घाबरून कानाकडे बोट केलं.

"तुझंच रक्त आहे ते, आई. वाहतंय."

अक्कांचे डोळे मोठे झाले. "जन्मभर हे एवढं चाललंय," त्या पुटपुटल्या, "आणि मला पत्ता नाही!"

पुन्हा शांतता झाली. आणि त्या शांततेत, अगदी स्पष्ट:

टिक्. टिक्. टिक्.

भाचीच्या कपाळावर आठी चढली. "घड्याळ कोणाकडे राहिलंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. छोटूने पुन्हा खिसे चाचपले. टिक्. टिक्.

"मोठे मामा, तुमच्याकडून येतोय आवाज."

"ते काढता येत नाही, बाळ," दादा म्हणाले. त्यांनी छातीवर हात ठेवला, उघडं दार लोटून घ्यावं तसा. "हृदयात खोटी झडप बसवलीय. गेल्या वर्षी."

सगळ्यांच्या नजरा अक्कांकडे वळल्या. त्या पायाखालच्या जाळीकडे बघत होत्या. "मला शपथ घातली होती त्याने," त्या म्हणाल्या.

छोटूने कोणाकडेच पाहिलं नाही. डुलत्या जाळीवरून तोल सावरत तो चालत आला आणि भावासमोर उभा राहिला.

"छाती उघडली होती?"

"हो."

"आणि मला कोणी..."

तो वाकला आणि त्याने दादांच्या छातीला कान लावला. कारखान्यात पंपाला लावायचा तसाच, डोळे मिटून. दादांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. दोन्ही हात बाजूंना अधांतरी राहिले.

बऱ्याच वेळाने छोटू म्हणाला, "नीट बसलीय. गळत नाही."

"डॉक्टरही तेच म्हणाले."

"झोप कशी लागते रे तुला या आवाजात?"

"आधी लागायची नाही. आता हा थांबला तरच जाग येईल."

छोटू हसला. त्या खोलीत ते हसणं कुठेच गेलं नाही, दोघांच्या मध्येच राहिलं. कान मात्र त्याने उचलला नाही. दादांचा एक हात हळूहळू खाली आला आणि त्याच्या टकलावर टेकला.

बाहेर दुसरी मंडळी खोली बघायला थांबली होती. भाचीने दाराच्या दांड्याला हात घातला.

"थांब गं," अक्का म्हणाल्या. "ऐकू दे."

भाचीने हात मागे घेतला. घशाशी आलेला खोकला दाबून, पाय न हलवता, सगळं खानदान त्या तारांवर उभं राहिलं आणि एका माणसाचं जिवंत असणं ऐकत राहिलं.