कप्तानांची दाढ

“भिकार कादंबरी आहे,” दातांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कप्तानांच्या तोंडात आरसा घातला.

कप्तान ताडकन उठून बसले असते, पण खुर्ची मागे कललेली होती. ‘कप्तान’ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते बुटांच्या दुकानात विक्रेते होते. पण युद्धावरची ती जाडजूड, जुनी कादंबरी त्यांनी इतक्यांदा वाचली होती आणि इतक्यांना ऐकवली होती, की तिच्या नायकाचा हुद्दा गल्लीने त्यांनाच बहाल केला होता. सहा सैनिक प्रेतयात्रेचं सोंग घेतात, शवपेटीत सुरुंगाची दारू भरतात आणि शत्रूचा डोंगरातला पूल उडवायला निघतात. सगळ्यांच्या पुढे त्यांचा कप्तान. खांद्यात गोळी घुसते, तर हा गडी ती स्वतःच्या चाकूने काढतो आणि हूं की चूं करत नाही.

आपले कप्तान मात्र याच खुर्चीतून दोनदा पळाले होते. दुसऱ्यांदा तर गळ्याला बांधलेल्या रुमालासकट. आता गाल सुजून टम्म झाला होता. आज दाढ निघाली नाही तर सूज जबड्यात उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बायको बाहेरच्या बाकावर, दाराला पाय लावून बसली होती. सुई दिसली की आपला धीर सुटणार, हे कप्तानांना पक्कं ठाऊक होतं. मघापर्यंत त्यांची पाचावर धारण बसली होती.

“भिकार? काय भिकार आहे तिच्यात?” आरसा बाहेर येताच त्यांनी विचारलं.

“सांगतो. आ करा.” डॉक्टरांनी इंजेक्शन हातात घेतलं. “सहा माणसं तीन दिवस डोंगर चढतायत. खांद्यावर एवढी जड पेटी. वाटेत कोणी एकदा तरी जेवतं का? साधा पाव नाही हो कुणाच्या पिशवीत!”

“आं! आआं!” कप्तान ओरडले. दुसऱ्या प्रकरणात बिस्किटं आहेत, असं त्यांना म्हणायचं होतं. सुई कधी टोचली आणि कधी बाहेर आली, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“हिरडी बधिर व्हायला जरा वेळ लागेल,” डॉक्टर म्हणाले. “तोवर कादंबरीतल्या त्या खाणावळवालीचं बघू. नायक नदीतून भिजून आलेला. ओले बूट दोन दिवस पायात. आणि ही त्याच्या पायाशी बसून म्हणते, तुमच्यासाठी जीव देईन. तिला नाक नव्हतं का?”

“तेल पाजलेल्या कातड्याचे बूट होते ते! आत थेंब जात नाही. बुटांतलं मला शिकवू नका!”

“बरं, राहिलं. आणि ती खांद्यातली गोळी? माझ्याकडे रोज माणसं येतात. असा गप्प बसणारा एक आला नाही. बढाया आहेत सगळ्या. घरी याचं नुसतं डोकं दुखलं, तर बायकोला हातातलं काम टाकून उशाशी बसायला लावत असेल.”

कप्तानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीभ जड होऊ लागली होती, अर्धा ओठ कुठे गेला ते कळत नव्हतं, तरी त्यांनी डॉक्टरांच्या नाकासमोर बोट नाचवलं.

“ज्याला ही कादंबरी अशी वाटते, त्याची अक्कल गुडघ्यात आहे! अशा माणसाबरोबर एका छपराखाली राहायचं म्हणजे शिक्षा!”

“खरं आहे. आ करा.”

कप्तानांनी आ केला, तो पुढचं वाक्य टाकायला. डॉक्टरांनी त्यात पक्कड घातली आणि विचारलं, ती शवपेटी आणली कुठून? गावातल्या एका म्हाताऱ्यासाठी केलेली उचलली ना? मग त्या बिचाऱ्याला पुरलं कशात? कप्तान मनातल्या मनात उत्तर जुळवू लागले. उत्तर बिनतोड होतं. एवढ्यात जबड्यात कट्कन काहीतरी वाजलं आणि डॉक्टरांनी कापसाचा बोळा आत दाबला.

“झालं.”

ताटलीत दाढ पडली होती. कप्तान तिच्याकडे बघतच राहिले.

“बोळा घट्ट धरा. तासभर तोंड उघडायचं नाही, नाहीतर रक्त थांबणार नाही. आणि माझ्यावर रागावू नका हं. मी कुठली वाचतोय एवढी जाड कादंबरी! वहिनी परवा येऊन सांगून गेल्या, तिला नावं ठेवा, म्हणजे ह्यांना दाढेची शुद्ध राहणार नाही. नावं काय ठेवायची, तेही त्यांनीच सांगितलं.”

कप्तानांना भरून आलं. काय ही युक्ती! लग्न झाल्यापासून जेवणं आटोपली की ते तिला त्या कादंबरीतली पानं वाचून दाखवत आले होते आणि ती भाजी निवडत मुकाट्याने ऐकत आली होती. त्याच कादंबरीवर खोटेनाटे आरोप रचताना तिच्या जिवाला काय वाटलं असेल! नवऱ्यासाठी बिचारीने तेही केलं. ते बाहेर आले आणि चार लोकांदेखत त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“दुखलं नाही ना हो?” तिने मायेने विचारलं.

त्यांनी मान हलवली.

“तासभर अजिबात बोलायचं नाही म्हणालेत ना?”

त्यांनी पुन्हा मान हलवली. आता होकाराची.

“मग आपण लांबच्या रस्त्याने जाऊ,” ती पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली. “इतकी वर्षं मनात साठलंय, डॉक्टरांना त्यातलं निम्मंसुद्धा सांगून झालं नाही.”