तीनशे की पाचशे

शोरूममधल्या दोन गाड्यांभोवती नंदकिशोररावांची ही कितवी तरी फेरी होती. मोटारसायकलसारखं हँडल, खाली चार जाडजूड चाकं, मागे ट्रॉली जोडायला आकडा. एक तीनशे सीसीची, दुसरी पाचशेची. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. वजन किती ओढेल, वाळूत रुतेल का, लिटरमागे किती चालेल, सगळं विचारून झालं तरी समाधान होईना.

"मला बघायला आलात तेव्हा दोनच प्रश्न विचारले होते तुम्ही," सुनंदाबाई खुर्चीवरून म्हणाल्या.

"तेव्हा हातात माहितीपत्रक नव्हतं."

त्यांची मुलगी अवनी हसली. ती जयपुरातच वाढलेली, नोकरीही तिथेच, सी-स्कीम भागात. "बाबा, मतलब, तुम्हाला रेस लावायची आहे का? तीनशे बस झाली ना."

"चौमूच्या पुढचं आपलं शेत बघितलंयस ना? सगळी वाळू. मधे तो एवढा मोठा टीबा. तो चढून पलीकडच्या बोअरपर्यंत खताची पोती न्यायची. तीनशेचं काम नाही ते."

टीब्याचं नाव निघालं आणि सुनंदाबाईंना तो दिवस आठवला. मागच्या हिवाळ्यात त्याच वाळूच्या टेकाडामागे नंदकिशोरराव चक्कर येऊन पडले होते. त्या इकडे शेतघरात स्वयंपाक करत होत्या. जेवण निवून गेलं, तरी बसले असतील कोणाशी तरी बोलत, असंच त्या धरून चालल्या. फोन नेहमीप्रमाणे खाटेवर राहिलेला. शेजारचा दिलीप बकऱ्या घेऊन तिकडून गेला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी वाळूतून चालणं बंद करायला सांगितलं, शेती नाही. म्हणून ही गाडी. नंदकिशोरराव तो दिवस केव्हाच विसरले होते. सुनंदाबाईंना मात्र ते नजरेआड झाले की अजून भीती वाटायची, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

विक्रेता पवन इतका वेळ अदबीने उभा होता. त्याने आता संधी साधली. "आंटीजी, सर सही कह रहे हैं. पाँच सौ वाली ले जाइए. ऐसी मक्खन चलती है, पता ही नहीं चलेगा कि चल रही है."

"पता ही नहीं चलेगा?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"बिल्कुल नहीं जी!"

त्या उठल्या. "दोनों चलाके दिखाइए."

रविवार होता. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतले कारखाने बंद, रस्तेही निवांत. शोरूमच्या मागच्या आवारात गिऱ्हाइकांसाठी वाळूचा एक उंचवटा करून ठेवला होता. नंदकिशोरराव पाचशेवर बसले आणि कॉलेजातल्या पोरासारखे खूश झाले. ते बघायला सुनंदाबाई थांबल्याच नाहीत. आवार ओलांडून त्या गोदामाच्या भिंतीआड गेल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

अवनी मागोमाग धावली. "आई, इथून काय दिसणार?"

"मला दिसायला नकोच आहे. जरा गप्प राहा."

दोघी थांबल्या. गोदामाच्या पत्र्यावर कबुतरं घुमत होती. लांब कुठे तरी एक ट्रक गेला.

"चढले का?" सुनंदाबाईंनी विचारलं.

अवनीने भिंतीआडून डोकावलं. "कधीच! उतरले पण."

सुनंदाबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग तीनशेची पाळी आली. ती सुरू झाल्याबरोबर भिंतीपलीकडून घरघर ऐकू आली. वाळू लागली तशी ती वाढत गेली, माथ्याजवळ तर गाडी चक्क कण्हायला लागली आणि उतारावर आल्यावर जरा शांत झाली. सुनंदाबाईंना न बघता सगळं कळत होतं. आता चढतायत. आता वर पोचले. आता वळले.

"छी, हिची आवाज किती घाण आहे!" अवनीने कानांवर हात ठेवले.

"हिचा आवाज," सुनंदाबाई सवयीने म्हणाल्या. पण त्या हसत होत्या.

नंदकिशोरराव गाडी घेऊन थेट गोदामापाशीच आले. "बघितलंस? एवढ्याशा चढाला दम लागतो हिला. पाचशेवाली हूं नाही की चूं नाही."

"म्हणूनच ती नको."

"अगं, पण पोती..."

"पोती दोन खेपांत न्या." इंजिन चालूच असल्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि एवढ्या मोठ्याने त्या नवऱ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "त्या दिवशी तुम्ही तिकडे पडून होतात आणि मला काही कळलंच नाही. ही टाकू दे लागेल तेवढ्या धापा. मला घरात ऐकू येईल. थांबली, की मी निघेन."

अवनीने कानांवरचे हात काढले. पवन लगबगीने येऊन विचारू लागला, "तो सर, कौन-सी?"

नंदकिशोररावांनी इंजिन बंद करायला किल्लीकडे नेलेला हात मागे घेतला.