तारेचं कडं

“वजन उतरवायचं तर ध्येय रोज डोळ्यांसमोर हवं, लग्नातला फोटो लावा,” डॉक्टरीणबाई आमच्या ह्यांना म्हणाल्या. ह्यांनी दारामागे जाड तारेचं कडं टांगलं, कारखान्यातल्या टाकीच्या तोंडाएवढं तंतोतंत. ती टाकी आतून धुताना माझे धाकटे दीर गॅसने गुदमरले. त्यांना काढायला हे उतरू गेले आणि तोंडातच पोटाशी अडकले. तेव्हापासून दीड वर्ष घरात तेल-साखरेचं नाव नाही. दर रविवारी डोक्यावरून कडं घालून बघायचे, पोटाशी अडकलं की मुकाट परत टांगायचे. आज ते पोटावरून सरकत थेट फरशीवर पडलं. मला रडूच आलं. “सुटलात एकदाचे,” मी म्हटलं. त्यांनी कडं उचलून पुन्हा खिळ्याला अडकवलं आणि विचारलं, “किती वेळ लागला?” “असेल अर्धं मिनिट.” “म्हणजे पोहोचलो असतो,” हे म्हणाले. “तो चार मिनिटं हाका मारत होता.”