चाकामागची पट्टी

“ताई, जरा बाजूले सरता का? फोटोत येऊन राहिल्या तुमी.”

आचल सरली. म्हनजे कुठून सरली, तर आपल्याच टेबलापासून! कारन त्या माणसाले फोटो पाहिजे होता बाजूच्या टेबलाचा, गजालाच्या गाडीचा. वरून त्यानं आपला फोन आचलच्याच हातात देला. म्हने, “तुमीच काढून द्या ना एक. गाडी पुरी आली पाहिजे.”

तिनं काढला. गाडी पुरी आली. त्याचं डोकं अर्धं कापलं गेलं.

जठारपेठेतल्या त्या हॉलमध्ये एकवीस टेबलं होते अन् त्याच्यावर एकवीस गाड्या, जोड्याच्या खोक्यात मावतीन एवढ्याशा. विषय काय, तं पन्नास वर्षांनी आपल्या वऱ्हाडात रस्ता सोडून, वावरावावरातून गाड्यांची शर्यत लागली तर गाडी कशी असन? आपल्या हातानं घडवा अन् घेऊन या. पहिला नंबर एकच, अन् तो सरळ बंगलोरच्या मोठ्या स्पर्धेले जानार.

आचलची गाडी म्हनजे बाप्पा, चकाचक! सहा चाकं, चांदीसारखा स्प्रे, पोटाखाली निळे लाइट, अन् खाली लाल रेती, मंगळावरच्यावानी. चार महिने खपली ती. गजालाची काय? पेनातल्या स्प्रिंगा, ठिबकच्या नळीचे तुकडे, चार रुंद चाकं, अन् हरेक चाकामागं एक पत्र्याची पट्टी. ती पट्टी कायले, हे कोनी इचारलंबी नाई. खाली अंजनगावच्या त्यांच्या वावरातली काळी माती, वाळून भेगा पडलेली, अन् एक चाक त्या भेगेवर अधांतरी. बस! जो येईन तो तिथंच. “अरे, हे तं आपलंच वावर होय!” लाल रेतीकडे पाहून कोनी म्हनलं नाई बाप्पा, की हा आपला मंगळ होय.

अन् दोघी एकाच खोलीत राहनाऱ्या, बरं का. सकाळी अमरावतीहून येताना बसमध्ये आचलचं खोकं गजालानंच मांडीवर धरलं होतं. म्हने, तुही गाडी नाजूक आहे वं, माही काय, पडली तरी मातीतच पडन.

“मी तोंड धुवून येतो,” गजाला म्हने. “माह्या गाडीकडे लक्ष ठेवजो वं.”

“हाव, जाय ना.”

ठेवलं तिनं लक्ष. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हॉलच्या त्या कोपऱ्यात परीक्षक अजून सतराव्या टेबलावर होते. तिनं बाटलीचं झाकन काढलं अन् ओतलं पानी त्या मातीवर. थेंब दोन थेंब नाई, पुरी अर्धी बाटली! माती प्याली, घटघट प्याली. भेगा बुजल्या, माती फुगली, चिकट झाली, अन् गाडी बसली बूड टेकून. आता दिसत होती ती बिचारी, पावसात फसून राहिलेल्या रिकाम्या बैलरेंगीसारखी. आचलचा जीव असा थंड झाला, असा थंड झाला, की तिनं उरलेलं पानी स्वतः पिऊन टाकलं.

तेवढ्यात आले परीक्षक, भगवंतराव. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. आचलच्या टेबलाशी थांबले, “रंग छान,” म्हटलं, कागदावर काहीतरी टिपलं, अन् पुढं सरकले. चिखलाशी आले अन् थांबले. चष्मा वर केला. वाकले. एका बोटानं गाडी हळूच ढकलली.

चाक फिरलं, मातीचा हा एवढा लोंदा घेऊन फिरलं, मागच्या पट्टीपाशी आलं, अन् सर्रकन लोंदा खाली! चाक साफ. पुन्हा ढकलली. पुन्हा लोंदा खाली.

“अरे, इकडे या सारे!” भगवंतराव ओरडलेच. “उभी जिंदगी मी काडीनं चाकाची माती खरडली. ही पाहा, चालता चालता खरडून राहिली! अन् पोरीनं दाखवलं पाहा कसं. कोरड्या मातीत ही पट्टी दिसलीच नसती कोनाले.”

गर्दी जमली. गजाला ओल्या तोंडानं परत आली ते त्या गर्दीतच घुसली, अन् आपली गाडी पाहून जागीच उभी.

“पोरी, पानी टाकायचं कसं सुचलं तुले?”

गजालानं चिखलाकडे पाहिलं. “सर, मी तं…”

पन टाळ्या सुरू झाल्या होत्या. तो मघाचा फोटोवाला पुन्हा फोन काढून पुढं. “या चिखलालेच पहिला नंबर द्या लागते,” भगवंतराव हसून म्हने अन् त्यायनं पेन कागदाले लावला.

आता आचलच्यानं राहवलं नाई. बिलकुल राहवलं नाई.

“पानी मी टाकलं!”

सारे वळले.

“चिखल माहा हाय! तिनं तं कोरडी आनली होती. इचारा तिले! तिले सुचलंच नाई, मी टाकलं!”

टाळ्या थांबल्या. भगवंतरावचा पेन कागदावरून वर आला.

“तू टाकलं? काहून?”

परीक्षक काय काय इचारतीन, ते सारं आचलनं पाठ केलं होतं. सहा चाकं काहून, बॅटरी किती वेळ चालन, रंगाचे थर किती. हे त्याच्यात नोतं.

गजालानं ओढणीनं तोंड पुसलं. आचलच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे.

“सांग ना वं,” ती हळूच म्हने. “सर इचारून राहिले.”