प्लायवूडची पारख

सिन्नरच्या हर्षालीनं स्वयंपाकघरातली कपाटं स्वतःच्या हातानं बनवायचं ठरवलं. सागवान परवडणारं नव्हतं. जमवलेल्या बारा हजारांत प्लायवूडच्या चार शीट येत होत्या, आणि त्यातली एक जरी खराब निघाली तरी काम अडणार होतं. म्हणून नाशिकच्या दुकानात येताना तिनं सासूबाईंना, ठमाबाईंना, सोबत आणलं.

ठमाबाईंनी पहिल्या शीटवर डावा तळवा टेकवला आणि उजव्या हातानं जागोजागी ठोकून पाहिलं. मग दुसरी, मग तिसरी. आठ शीट झाल्यावर तीन त्यांनी बाजूला सारल्या.

"ह्या नको. आतून पोकळ हायेत."

"आजी, सगळा माल एकाच कंपनीचा आहे," दुकानदार हसत म्हणाला.

त्याचं हसू पाहून ठमाबाईंनी बाजूला सारलेल्या एका शीटवर बोट ठेवलं. "हितं कापून बघा."

त्यानं कापलं. आतल्या थरात बोट जाईल एवढी फट होती. दुसरी शीट त्यांनी दाखवली तिथं कापली, तिच्यातही तेच. तिसरी त्यानं कापलीच नाही.

"तीस वर्षं प्लाय विकतोय, पण मला ठोकण्याच्या आवाजात काही फरक जाणवला नाही. आजी, तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं?"

ठमाबाई निवडलेल्या चार शीटवरून पदरानं धूळ पुसत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"काका, त्यांना ऐकू येत नाही," हर्षाली म्हणाली. "बारा वर्षं झाली."

दुकानदारानं त्या तिसऱ्या शीटवर आपला तळवा टेकवला, डोळे मिटले आणि हळूच ठोकलं.