यादीत नसलेलं नाव

यादी छापून आली. चाळीस नावं. हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या ताईने ती दोनदा वाचली. नवऱ्याचं नाव त्यात नव्हतं.

जुन्या सोनोग्राफी कॉम्प्युटरला दाखवायच्या आणि त्याने त्यांत यकृताचा आजार हुडकायचा, असा हा नवा उद्योग होता. बरगड्यांखालून हृदय बघताना यकृतही थोडं दिसतं. माणसाच्या नजरेला ते नुसतं राखाडी. कृत्रिम बुद्धिमत्तेला त्यात आजाराची सुरुवात कळते. यादीतल्या लोकांना आता फोन जाणार होते. त्यांच्या हाती अजून वेळ होता.

नवऱ्याच्या हाती नव्हता. तो वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात पाण्याने फुगलेलं पोट घेऊन पडला होता. जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, तरी यकृत पार कामातून गेलं होतं. तीन वर्षांपूर्वी छातीत धडधडतं म्हणाला, तेव्हा तिनेच त्याची सोनोग्राफी केली होती. तेव्हाच हे कळलं असतं का, हा प्रश्न तिची पाठ सोडत नव्हता. यादी येणार आहे, हे सकाळी तिने त्यालाही सांगितलं होतं.

"ताई, चाळीसच्या चाळीस माझे पेशंट!" शेजारच्या मशीनवरचा सहकारी ओरडला. त्याला सगळे धांदलराव म्हणत. "चित्रात नको ते सगळं येतं म्हणून डॉक्टर माझ्या कामाला गबाळं म्हणायचे. आता म्हणा!"

ती हसली नाही. तिने नवऱ्याची फाईल उघडून कॉम्प्युटरला पुन्हा तपासायला लावली. उत्तर लगेच आलं. 'यकृत चित्रात नाही.'

पडदाभर हृदयच होतं. डॉक्टरांना तेवढंच लागायचं, म्हणून आजूबाजूचं सगळं छाटून टाकायची तिला सवय होती. घरचं माणूस म्हणून नवऱ्याचं तर अगदी मन लावून छाटलं होतं. तिने आपल्या पेशंटांच्या आणखी दहा-बारा फायली उघडल्या. सगळीकडे तेच उत्तर. तिला भडभडून आलं.

ती वर गेली. नवरा वाटच बघत होता.

"होतं का गं माझं नाव?"

"नव्हतं."

त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. त्याने तिचा हात हातात घेतला.

"बघ, मी सांगत होतो ना? तेव्हा काही नव्हतंच. असतं तर तुझ्या नजरेतून सुटलं असतं होय!"