टिकली

खंडेनवमीची पूजा सकाळीच झाली होती. संध्याकाळी पाटावरची बंदूक कपाटात ठेवायला उचलली, तर चापाला मी लावलेली कुंकवाची टिकली पुसलेली.

"अहो, हिला कुणी हात लावला?"

"लावू दे की! रिकामी तर आहे." रोज हीच बंदूक घेऊन बँकेच्या दारावर उभं राहणाऱ्या माणसाला कसली भीती!

"उघडून दाखवा."

हसतच त्यांनी उघडली. आत काडतूस होतं. कालच्या ड्यूटीनंतर काढायचं राहिलेलं. बुडावर ठोका बसल्याची खूण होती, तरी ते उडालेलं नव्हतं.

उंबऱ्यात आमची धाकटी मृदुला उभी होती. बोट कुंकवानं लाल.

"बाबा, तुमची बंदूक खराब आहे," ती कुरकुरली. "दादावर धरून दाबली, पण टिकली फुटलीच नाही."